सुतळीचा नकाशा आणि तीन लाख अठरा हजार: समावेशक अध्यापनाच्या अनुदानाचा आमचा अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या प्रकल्पाची फाईल एकदाची बंद झाली. अडीच वर्षं लागली. सुरू केलं तेव्हा मी नेटवर खूप शोधलं होतं की असं अनुदान कोणी मिळवलंय का, मिळालं तर पुढे काय काय होतं, पण सापडायच्या त्या नुसत्या जाहिराती नाहीतर "यशस्वी प्रकल्पाचे उद्घाटन" छापाचे फोटो. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव आणि आमच्या कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोडी रडगाणी पण येणार आहेत. सरकारी पैसा होता एवढं पुरे. मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात इतिहास शिकवते, बीएचे वर्ग, मराठी माध्यम.

सुरुवात ऑगस्ट २०२२ ला झाली. एफवायला एक मुलगी आली, पूर्ण दृष्टिहीन. हुशार, आणि तोंडाने फटकळ. मी नेहमीप्रमाणे वर्गाच्या ग्रुपवर नोट्सची पीडीएफ टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात. "मॅडम, तुमच्या नोट्स माझा फोन एबीसीडीत वाचतोय." मला कळेना. तिने फोन कानाशी धरायला दिला. खरंच, आतली बाई म्हणत होती, ई जी के जे के. मी स्क्रीनवर बघितलं तर तिथे लख्ख "महाराष्ट्र" लिहिलेलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडचे डीटीपीवाले अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट वापरतात, आणि तो युनिकोड (सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नाही. त्यात दिसायला "म" असला तरी फाईलच्या पोटात इंग्रजी "ई" बसलेला असतो, "ह" म्हणजे "जी", काना म्हणजे "के". डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, इंग्रजी कचरा दिसतो. माझ्या अकरा वर्षांच्या सगळ्या नोट्स अशाच होत्या. अकरा वर्षं! आणि ही पहिलीच दृष्टिहीन विद्यार्थिनी होती असंही नाही, आधीही दोघं होऊन गेले होते, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ते कसे पास झाले असतील हे मला त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरात आली, "उच्च शिक्षणातील अध्यापनात विविधता व समावेशन". प्राचार्य सरांनी आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या) ग्रुपवर फॉरवर्ड केली, खाली सगळ्यांनी अंगठे टाकले आणि विषय संपला. मी मात्र प्रिंट काढली. शेवटची तारीख १५ डिसेंबर, म्हणजे हातात साडेतीन आठवडे, त्यात विद्यापीठाच्या परीक्षा.

माझा पहिला मसुदा आता वाचला की लाज वाटते. त्यात सगळंच होतं. दृष्टिहीन मुलं, आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या मुली, लग्न झालेल्या मुली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणारे. आमच्या विभागातल्या एका निवृत्त सरांना दाखवला. त्यांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, हा प्रस्ताव आहे की जाहीरनामा? तुम्ही सोमवारी सकाळी उठून नक्की काय करणार ते लिहा." तेवढ्या एका वाक्यावर मी सगळं पुन्हा लिहिलं. सोमवारी उठून आम्ही मराठी अभ्याससामग्री वाचता आणि ऐकता येईल अशी करणार. बस. कारण तेच साहित्य एसटीत कानात हेडफोन घालून येणाऱ्या पोरांनाही लागतं, आणि ज्याला छापील परिच्छेद वाचायला वेळ लागतो त्यालाही. बाकीची सगळी मंडळी त्या एका कामात आपोआप आली, वेगवेगळी मांडायची गरजच पडली नाही.

मग आकडे. प्रस्तावात विद्यार्थ्यांची वर्गवारी द्यायची होती. प्रवर्गनिहाय आणि मुली-मुलं लगेच मिळाले, पण दिव्यांग विद्यार्थ्यांच्या रकान्यात ऑफिसने शून्य दिलं. मी म्हटलं भाऊसाहेब, माझ्या एका वर्गातच तिघं आहेत. ते म्हणाले, "असतील मॅडम, पण सर्टिफिकेट कुठे लावलंय?" प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र जोडलं नाही की सिस्टीममध्ये तो विद्यार्थी दिव्यांग नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तरच ५ टक्के राखीव जागांचा वगैरे लाभ, तो दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, पण आमच्या प्रवेश अर्जावर मात्र नुसतं "होय/नाही" होतं आणि पोरं घाबरून "नाही" लिहीत होती, प्रवेश नाकारतील म्हणून. त्या मुलीने पण "नाही" लिहिलं होतं! मी तिला विचारलं तर म्हणाली, "अर्ज भावाने भरला, त्याला वाटलं नको कटकट."

तिच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) होतं, ते लगेच जोडलं. दुसऱ्या एका मुलाला खूप कमी दिसतं, त्याच्याकडे काहीच नव्हतं. त्याचा ऑनलाइन अर्ज भरून दिला, जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळायला दोन महिने गेले. तोपर्यंत प्रस्तावात आम्ही "प्रमाणित २, प्रमाणपत्र प्रक्रियेत १" असं लिहिलं. कोणी हरकत घेतली नाही. तुमच्याकडे पण शून्य येत असेल तर आधी ऑफिसात नाही, वर्गात जाऊन विचारा, आणि सगळ्यांसमोर विचारू नका.

कागदपत्रांची यादी दीड पानाची होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २(एफ) आणि १२(बी) कलमांखालच्या मान्यतेची पत्रं, नॅकचं प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, एआयएसएचई कोड (उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणातला कॉलेजचा क्रमांक), रद्द केलेला चेक, आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर संस्थेच्या सचिवांचं हमीपत्र. बाकी सगळं ऑफिसात होतं, १२(बी) चं पत्र मात्र सापडेना. आमच्या शिपाई मामांनी शेवटी जुन्या प्राचार्यांच्या कपाटातून काढलं, कडेने वाळवी लागलेलं. त्याच दिवशी स्कॅन करून चार जणांना मेल करून ठेवलं, तुम्हीही आजच करा. सचिव साहेब लग्नसराईत गावोगाव फिरत होते, त्यांची सही मी एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर घेतली. तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, नोटरी, स्पीडपोस्ट धरून माझ्या खिशातले ११४० रुपये गेले. ते परत मिळत नाहीत, मंजुरीच्या आधीचा खर्च कुठल्याच शीर्षात (खर्चाच्या ठरलेल्या सदरात) बसत नाही.

अंदाजपत्रकात आम्ही एकूण ४,६०,००० मागितले. उपकरणं (पुस्तकाचा स्कॅनर, दोन लॅपटॉप, रेकॉर्डर) १,६०,०००. विद्यार्थी सहायकांचं मानधन १,२०,०००, म्हणजे चार जण, महिना तीन हजार, दहा महिने. दोन शिक्षक कार्यशाळा ८०,०००. ब्रेल छपाई आणि स्पर्श-नकाशे ६०,०००. प्रवास २५,०००, आकस्मिक १५,०००. सॉफ्टवेअरपुढे शून्य लिहिलं, कारण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, २००६ पासून आहे, मराठीही वाचतो (आवाज जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण त्या मुलांना सवय असते, आमची ही तर इतक्या वेगात ऐकते की मला एक शब्द कळत नाही).

प्राचार्य सरांना एकच भीती होती, पुस्तकं स्कॅन केली तर प्रकाशक केस करतील. ती रास्त होती. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यातच सोय आहे, कलम ५२(१)(झेडबी), दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून द्यायला परवानगी लागत नाही, त्यात नफा कमवायचा नाही एवढंच. मी ते कलम प्रस्तावाला जोडलं आणि एक प्रत सरांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. आम्ही फाईली उघड्या लिंकवर कधीच टाकल्या नाहीत, ज्याला गरज त्याच्याच खात्यावर, आणि कोणाला दिली त्याची वही ठेवली. ती वही पुढे फार उपयोगी पडली.

मग तीन महिने शुकशुकाट. मार्च २०२३ मध्ये अचानक मेल, परवा सकाळी साडेदहाला ऑनलाइन सादरीकरण, दहा मिनिटं. मी सोळा स्लाईड केल्या होत्या, तिसऱ्या स्लाईडलाच एका तज्ज्ञांनी थांबवलं. "सॉफ्टवेअर शून्य कसं काय? आणि मानधन एवढं कशाला? स्कॅनर घेताय ना, मग ओसीआर होईल." (ओसीआर म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं मशीनने ओळखणं.) मी म्हटलं सर, ओसीआर होतं पण मराठीचं तपासावं लागतं, "घ" चा "ध" होतो, "भ" चा "म" होतो, रफार उडतो. ते म्हणाले, "तंत्रज्ञान सुधारतंय." त्यावर मी काय बोलणार? सुधारतंयच. आज मला तो प्रश्न विचारला तर मी एक पान समोर धरीन आणि घड्याळ लावीन. तेव्हा सुचलं नाही. तुम्ही करणार असाल तर प्रस्तावाच्या आधीच दहा पानांचा प्रयोग करून बघा, किती मिनिटं मशीनची आणि किती माणसाची, आणि तो कागद जोडा. आमच्या अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात मोठी चूक कुठली असेल तर ही.

मंजुरीचं पत्र १९ जून २०२३ ला आलं. ३,१८,०००. आनंद झाला, खोटं कशाला बोलू, मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. संध्याकाळी घरी निवांत पत्र वाचलं. उपकरणांच्या १,६०,००० ला हातही लावला नव्हता. मानधन १,२०,००० चं ४८,००० केलं होतं. कार्यशाळा ५०,०००, ब्रेल-नकाशे ४०,०००, प्रवास आणि आकस्मिक दहा-दहा. म्हणजे मशीन पूर्ण मंजूर आणि मशीनपुढे बसणारा माणूस साठ टक्के कापलेला. महिना तीन हजारांचे बाराशे झाले. वस्तूचं बिल दाखवता येतं, डेडस्टॉकला (कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढवता येते, तपासायला आलेल्या माणसाला बोट लावून दाखवता येते. पोरीने तीन दिवस बसून रफार दुरुस्त केले ते कशावर बोट ठेवून दाखवणार?

पहिला हप्ता ६० टक्के, १,९०,८००. तो जूनऐवजी २७ ऑक्टोबरला आला. कारण ऐका. आमच्या बँकेचं विलीनीकरण झालेलं, आयएफएससी बदललेला, आणि पीएफएमएसवर (सरकारी पैसे पाठवायच्या पोर्टलवर) जुनाच नोंदवलेला. पैसे निघाले आणि परत गेले. नवीन मँडेट फॉर्म बँकेच्या सहीशिक्क्यासह पाठवला तर खात्याचं नाव प्राचार्यांच्या पदनामाने आणि पॅन संस्थेच्या नावाने, म्हणून पुन्हा अडलं. शेवटी प्रकल्पासाठी वेगळं बचत खातं काढलं, जे पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. या चार महिन्यांत मी बँकेत नऊ वेळा गेले, काउंटरवरच्या ताई मला बघून "आलं का हो?" असं मलाच विचारायला लागल्या.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून केली, लॅपटॉपला काही त्रास झाला नाही, स्कॅनरला मात्र जे स्पेसिफिकेशन हवं ते टाकताना दमछाक झाली. एक सांगते, पुस्तक उलटं न दाबता वरून स्कॅन करणारा घ्या, नाहीतर जुन्या संदर्भग्रंथांचे कणे मोडतात आणि ग्रंथपाल तुमच्याशी बोलणं सोडतात.

माझ्या जुन्या नोट्स कन्व्हर्टरमधून काढल्या. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे कन्व्हर्टर कधीकधी तिला तिथेच लटकवून ठेवतो, मग "शिवाजी" चा स्क्रीन रीडर असा काही उच्चार करतो की विचारू नका. चार विद्यार्थी सहायक घेतले, दोन मुली दोन मुलं, एसवाय-टीवायचे. मी त्यांना फक्त एक वही दिली आणि सांगितलं वेळ लिहा. एका २१० पानांच्या पुस्तकाचा हिशोब त्या वहीत असा आहे: स्कॅनिंग दीड तास, ओसीआर वीस मिनिटं, दुरुस्ती दोघांनी मिळून १९ दिवस. रोज दोन-अडीच तास. त्यांतला एक जण म्हणाला, "मॅडम, हे पुस्तक मी परीक्षेसाठी पण इतकं वाचलं नसतं."

दुरुस्तीत नुसती अक्षरं नसतात. प्रकरणाचं नाव ठळक करून भागत नाही, वर्डमध्ये त्याला हेडिंगची स्टाईल द्यावी लागते, मग एनव्हीडीएमध्ये एच दाबून प्रकरणागणिक उड्या मारता येतात. चित्र असेल तर त्यात काय आहे ते दोन ओळीत लिहायचं. आणि नकाशा असेल तर?

तिथेच अडलो. पश्चिम महाराष्ट्राचा, घाट आणि बंदरांचा नकाशा त्या पेपरला लागतोच. स्पर्श-नकाशासाठी पैसे मंजूर होते पण तीन कोटेशन हवी होती. एकाच पुरवठादाराने दिलं, बाकीच्यांनी मेलला उत्तर दिलं नाही, आणि एका कोटेशनवर खरेदी होत नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही वैतागून स्वतःच बनवला. प्लायवूडचा तुकडा मामांनी जुन्या फळ्याचा काढून दिला, किनारा जाड दोऱ्याचा, सह्याद्री म्हणून पिळलेली सुतळी फेविकॉलने चिकटवली, शहरांना मणी, बंदरांना शर्टाची बटणं. सुतळीची गुंडी ३५ रुपये, बाकी घरातलं. सोमवारी ती दृष्टिहीन मुलगी आली, तिने दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत एकदा चाचपला, मग एका बोटाने सुतळीवरून हळूहळू खाली आली, थांबली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं नाशिक कोकणात गेलंय."

गेलंच होतं. मणी सुतळीच्या अलीकडे चिकटला होता, आम्हा पाच डोळस माणसांना दोन दिवसांत दिसलं नव्हतं. उचकटून घाटावर नेला. जुन्या जागी फेविकॉलचा डाग राहिला, तो अजून आहे, ती त्याला "जुनं नाशिक" म्हणते.

त्या ३५ रुपयांच्या सुतळीमुळे एक कल्पना सुचली. ब्रेल छपाईला साधारण दहा हजार लागणार होते, म्हणजे त्या शीर्षात तीस हजार उरत होते. आधी मी उपकरणांमधून मानधनाकडे पैसे वळवता येतील का असं विचारलं होतं, त्याला फोनवरच नाही मिळालं, अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चातून आवर्ती (पुन्हापुन्हा होणाऱ्या) खर्चाकडे चालत नाही. पण आवर्तीतून आवर्तीकडे? १८ डिसेंबरला रीतसर पत्र पाठवलं, सोबत वेळेच्या वहीच्या झेरॉक्स, दीड तास विरुद्ध १९ दिवस अधोरेखित करून. सात आठवडे काही नाही. मी दर सोमवारी फोन करायचे, तिथल्या एक सेक्शन ऑफिसर बाई होत्या, फार सज्जन, त्या म्हणायच्या फाईल चाललीये हो. ८ फेब्रुवारी २०२४ ला मंजुरी आली. ४८,००० चे ७८,००० झाले. पेढे मी खरं तर त्या दिवशी वाटायला हवे होते.

तरी पुरले नाहीत. उरलेले तास आम्ही कमवा आणि शिका योजनेत बसवले, ग्रंथालयाच्या कामाऐवजी दुरुस्तीचं काम. तुमच्या कॉलेजात ती योजना असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, पण एकाच तासाचे दोन्हीकडून पैसे जाणार नाहीत याची काळजी घ्या, हजेरीपत्रकं वेगळी ठेवा.

कार्यशाळा जानेवारीत झाली. तज्ज्ञ म्हणून एक दृष्टिहीन प्राध्यापक आले होते. कोणीतरी सुचवलं की शिक्षकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधून चालायला लावू, ते म्हणाले, "नको, त्याने फक्त कीव येते, शिकवणं सुधारत नाही." त्याऐवजी त्यांनी मला आदल्या दिवशी माझ्याच तासाचं रेकॉर्डिंग मागितलं होतं, ते लावलं. स्पीकरवर माझा आवाज: "हे बघा, हे इकडून इकडे आले, मग यांनी याला गाठलं, आणि हा भाग त्याच्याकडे गेला." सगळे हसले. मग ते म्हणाले आता लिहा, कोण कुठून कुठे गेलं. सगळे गप्प. मी तर जमिनीत गेले. तेव्हापासून वर्गात "हे" आणि "इकडे" तोंडात आलं की मी स्वतःलाच चिमटा काढते. पैशाने आलेल्या कुठल्याही मशीनपेक्षा हा तास जास्त कामाचा होता असं माझं मत आहे, आणि त्याला चहापाण्यासकट चौदा हजार लागले.

मार्च एंडला जी धावपळ व्हायची ती झालीच. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाले याचा दाखला) जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात, सीएच्या सहीशिक्क्याने, शीर्षनिहाय खर्चाचा तक्ता वेगळा. सीएची फी साडेतीन हजार, तिला शीर्ष नाही, ती कॉलेजने दिली पण तीन महिन्यांनी. २४ एप्रिल २०२४ ला सगळं पाठवलं. ऑगस्टमध्ये शंका आल्या, तीन. पहिली, बचत खात्यावरचं व्याज दाखवलेलं नाही. ते परत करायचं असतं, आम्ही विसरलो होतो, केलं. दुसरी, लाभार्थ्यांचे फोटो जोडा. मी तिला विचारलं. म्हणाली, "माझा कशाला? स्कॅनरचा काढा, तो पण लाभार्थीच आहे." फोटो दिले नाहीत, त्याऐवजी साहित्य कोणाला दिलं त्या वहीतल्या नोंदी नावं झाकून पाठवल्या, ते चाललं. तिसरी शंका, स्पर्श-नकाशा डेडस्टॉक नोंदवहीत चढवल्याची प्रत जोडावी.

भाऊसाहेबांनी वही काढली. लॅपटॉप, लॅपटॉप, स्कॅनर, रेकॉर्डर, आणि मग त्यांनी पेन थांबवलं. "मॅडम, किंमत?" मी म्हटलं ३५. ते दोन मिनिटं माझ्याकडे बघत बसले आणि मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: नकाशा, सुतळीचा, नग १, रु. ३५/-.

दुसरा हप्ता, १,२७,२००, ९ जानेवारी २०२५ ला आला. मधला सगळा काळ कॉलेजने दिलेल्या ॲडव्हान्सवर काढला, आणि तो पुरेना तेव्हा चारपैकी दोन पोरांचं पाच महिन्यांचं मानधन थकलं. त्यातला एक तोपर्यंत पास होऊन पुण्याला नोकरीला लागला होता, त्याला फोन करून खाते क्रमांक मागितला तर त्याला वाटलं फ्रॉड कॉल आहे. पोरांना आधीच स्पष्ट सांगा की पैसे उशिरा येतील, आणि हप्त्याच्या भरवशावर कोणाची फी ठरवू देऊ नका. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी त्यांना सांगितलं नाही, ते अजून टोचतं.

तोवर ती मुलगी टीवायच्या शेवटच्या सत्रात होती. म्हणजे जिच्यामुळे सुरू झालं तिला पूर्ण सामग्री मिळाली ती शेवटच्या वर्षी. पहिल्या वर्षाचे पेपर तिने मैत्रिणीकडून वाचून घेऊनच दिले, लेखनिक आणि तासाला वीस मिनिटं जादा वेळ एवढ्यावर.

मे महिन्यात कॉलेजची वार्षिक डेडस्टॉक तपासणी झाली. समितीत कॉमर्सचे एक सर, ते प्रत्येक वस्तूवर टिकमार्क करत पुढे जात होते. लॅपटॉप दोन, आहेत. स्कॅनर, आहे. रेकॉर्डर, आहे. नकाशा सुतळीचा? कपाटात नव्हता. मी म्हटलं तिच्याकडे आहे, परीक्षेला घरी नेलाय. सरांनी विचारलं, "आणि याला घसारा किती टक्के धरायचा?" भाऊसाहेब म्हणाले, "ते नंतर बघू," आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: विद्यार्थिनीकडे, परत येणे बाकी.